टर्कीच्या पोटातील सारण

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभारदिन, पाळला जातो. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजतात आणि महिनाभराने तोच पक्षी कित्येक घरांत नाताळच्या मेजावरही येतो. पक्षी सर्वत्र एकच. त्याच्या पोटात काय भरायचे, याबाबत मात्र एका घराचे दुसऱ्या घराशी क्वचितच जुळते. या भरणाला इंग्रजीत स्टफिंग म्हणतात. नाताळच्या करंजीत जाते ते सारण, हा आपला शब्द त्याला पुरेसा आहे. पक्ष्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते कुटुंबाचा इतिहास शोधायचा तर तो पक्ष्यात नव्हे, सारणात शोधावा.

पक्ष्याचे नावही कोणाला धड ठेवता आलेले नाही. तो मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजांना तो तुर्कस्तानातून आल्यासारखा वाटला, फ्रेंचांनी आणि खुद्द तुर्कांनी त्याला हिंदुस्थानचा ठरविले, डचांनी कालिकतचा, तर पोर्तुगीजांनी त्याचे नाव ‘पेरू’ ठेवले. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबरच आला. 1612 साली मुकर्रब खान याने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू नेल्या, त्यांत हा पक्षी होता. क्षणोक्षणी रंग पालटणारी त्याची मान पाहून बादशहा चकित झाला आणि त्याने ते आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले. चित्रकार मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

सारण मात्र या पक्ष्याहून फार प्राचीन आहे. आपिसियुसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकग्रंथात कोंबडी, डुकराचे पिल्लू, इतकेच काय, एक जातीचा उंदीरही सारण भरून शिजविण्याच्या कृती आहेत. पुढे ख्रिस्ती युरोपात 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, सफरचंदे आणि चेस्टनट भरलेला हंस भाजण्याची चाल पडली. त्यानंतर नाताळपूर्व उपवासाला आरंभ होई. टर्की आली ती या हंसाच्या जागी. पोटातील ऐवज पुष्कळसा तोच राहिला.

‘ठासून भरणे’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘फार्किरे’. त्यावरून फ्रेंच भाषेत सारणाला ‘फार्स’ म्हणतात. हा शब्द स्वयंपाकघरातून थेट मंदिरात गेला, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष रुचेल. मध्ययुगात ‘किरिये’ आणि ‘एलेइसोन’ या दोन शब्दांच्या मध्ये गायक नवी स्तुतिवचने गुंफीत. त्या भरणीलाही हेच नाव पडले. फ्रान्समध्ये 26 डिसेंबरला, संत स्तेफनच्या सणाला, लॅटिन वाचनाच्या ओळींमध्ये लोकभाषेतील कडवी घालून ते गायिले जाई. त्या वाचनाला ‘सारण भरलेले पत्र’ म्हणत. लॅटिन न समजणाऱ्या भाविकाला उपासनेत शिरायला एवढीच फट होती. 1570 च्या मिस्साग्रंथाने असल्या भरणी जवळजवळ सर्व काढून टाकल्या. धार्मिक नाटकांच्या मध्ये घुसविलेल्या विनोदी प्रवेशांनाही तेच नाव मिळाले, आणि मराठी रंगभूमीवरचा ‘फार्स’ हा त्याच वंशातला! असो.

इंग्लंडमध्ये टर्की लवकर रुळली. 1541 साली आर्चबिशप क्रॅनमर यांनी धर्मगुरूंच्या पंक्तीवर निर्बंध घातले, त्यांत सारस आणि राजहंसाबरोबर टर्कीचाही उल्लेख आहे: एका पात्रात एकच. 1573 च्या सुमारास टॉमस टसर याने शेतकऱ्याच्या नाताळच्या जेवणात तिची गणना केली आहे. पण अमेरिकेत जाऊन वसलेल्या प्युरिटन पंथीयांना नाताळच मान्य नव्हता. मॅसेच्युसेट्समध्ये 1659 साली कायदा करून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरविण्यात आला. तो कायदा 1681 मध्ये रद्द झाला, तरी नाताळाविषयीची अढी पुढे दीर्घकाळ टिकली. त्यामुळे घरच्या मेजवानीचा मान आभारदिनाकडे गेला. या दिनाचे मूळ म्हणून 1621 ची प्लिमथची मेजवानी सांगतात. तिचे वर्णन करणाऱ्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात ‘पक्षी’ एवढेच आहे. टर्कीचे नाव नाही, सारणाचे तर नाहीच.

ते छापील स्वरूपात भेटते 1796 साली, हार्टफर्ड येथे निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त. अमेरिकन लेखकाने लिहिलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते. 1 पौंड मऊ गव्हाचा पाव, 3 औंस चरबी, 3 अंडी, थाइम, मरवा, मिरी, मीठ आणि हवी तर थोडी वाइन. हे भरून पक्षी शिवावा आणि विस्तवासमोर टांगावा. सोबत वाढायला त्या ‘मँगो’ सुचवितात. ते आपले आंबे नव्हेत. आंब्याच्या लोणच्याच्या नकलेने खरबुजे वगैरे कोरून, आत मसाला भरून मुरवीत, त्याला इंग्रज हे नाव देत. म्हणजे तेही भरलेलेच! मुखपृष्ठावर या बाईंनी आपली ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी दिली आहे. जिला आईच्या हाताखाली शिकता आले नाही, तिनेच ते कागदावर उतरवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. आई असलेल्या मुलींना लिहून ठेवण्याची गरज पडत नसे.

पुढे सॅरा जोसेफा हेल यांनी 1827 च्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत सारण भरलेल्या टर्कीला मेजाच्या अग्रस्थानी बसविले आणि हा सण राष्ट्रीय व्हावा म्हणून वर्षानुवर्षे पत्रे धाडली. 1863 मध्ये अब्राहम लिंकन यांनी तशी घोषणा केली.

आता प्रश्न येतो तो कॅथलिकांचा. ज्या भूमीत हा सण वाढला तेथे ते परके होते. 1834 साली बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन मठ जमावाने जाळला होता. अशा ठिकाणी आयरिश आले, क्वेबेकमधून फ्रेंच आले, नंतर इटालियन आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज आले. मुले सरकारी शाळेतून प्लिमथची गोष्ट शिकून घरी येत आणि टर्की मागत. आयांनी पक्षी घेतला. पोटात मात्र आपले घातले. आयरिश घरात बटाटा आणि कांदा गेला. वूनसॉकेट, लोवेल अशा गिरणगावांतील फ्रेंच घरांत डुकराचा खिमा, बटाटा आणि लवंग-दालचिनीसारखे मसाले. इटालियनांनी सॉसेज आणि चेस्टनट भरले, वर टर्कीच्या आधी पास्ताही वाढला. न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हरच्या पोर्तुगीजांनी पावात शोरिसू कालवला. गोव्याचा चोरीस त्याचाच भाऊबंद. पोर्तुगीजांच्या ‘रेशेआदु’ या शब्दाचा अर्थच ‘भरलेले’. आपण बांगड्यात भरतो तो रेशाद मसाला याच शब्दाचा अवशेष आहे. तिकडे दक्षिणेत मक्याच्या पावाचे सारण, त्यामागे कृष्णवर्णीय दासींचे हात, किनाऱ्यालगत कालवे. वरून पाहणाऱ्याला साऱ्या टर्क्या सारख्याच तांबूस दिसत. सुरी लावल्यावर कळे की घर कोणाचे.

आणखी एक अडचण केवळ कॅथलिकांची होती. आभारदिन गुरुवारचा, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार! 1917 च्या धर्मसंहितेचे 1250 वे कलम मांस आणि मांसाचा रस्सा दोन्ही वर्ज्य ठरवी. अंडी, दूध चाले, फोडणीला प्राण्याची चरबीही चाले. पण रात्रभर पक्ष्याचा रस पिऊन बसलेल्या पावाचे काय? विशेष सूट नसेल तर उरलेले सारण शनिवारची वाट पाही. 1966 साली पोप पॉल सहावे यांच्या आज्ञापत्रानंतर अमेरिकेतील बिशपांनी उपवासकाळाबाहेरील शुक्रवारचे बंधन सैल केले.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1972 मध्ये, जनरल फूड्स कंपनीने सारण खोक्यात घालून विकायला काढले. रूथ सीम्स या गृहविज्ञानतज्ज्ञ बाईंनी पावाचा चुरा नेमका केवढा असावा हे शोधले. फार बारीक झाला तर चिखल, फार मोठा तर कोरडा. उकळते पाणी ओतले की पाच मिनिटांत तयार. त्यात आजी नव्हती, गिरणगाव नव्हते. सरकारी आहारखात्याचाही सल्ला असा की सारणाच्या मध्यभागी 74 अंश सेल्सियस उष्णता पोहोचली पाहिजे, अन्यथा कच्च्या पक्ष्यातील जंतू त्यात राहतात. त्यामुळे कित्येक घरांत ते आता वेगळ्या तसराळ्यात भाजतात आणि टर्कीचे पोट रिकामेच राहते. बाहेर शिजलेले, रस्सा न लागलेले असे कालवांचे सारण 1250 व्या कलमाखाली शुक्रवारीही चालले असते. पण तोवर ते कलम कोणाच्या ध्यानात उरले होते?