उकडा तांदूळ, ज्वारीची भाकरी आणि कुन्नूरची प्रयोगशाळा

काय खावे आणि काय टाळावे याविषयीचा विचार भारतात फार जुना आहे. आयुर्वेदातील ऋतुचर्या आणि पथ्यापथ्य हे त्याचेच रूप होय. सामान्य माणूस रोज जे अन्न खातो त्याचे प्रयोगशाळेत पृथक्करण करून त्यावरून आहाराचा सल्ला देण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकातली असून, तिचा पाया निलगिरीतील कुन्नूर येथे घातला गेला. त्या कामाचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते: जो सल्ला लोकांच्या ताटातल्या धान्यापासून सुरू झाला, तोच काळाच्या कसोटीला उतरला.

या कामाला निमित्त झाले ते बेरीबेरी या रोगाचे. या रोगात पाय बधिर होतात, अंगावर सूज येते आणि हृदय दुर्बल होते. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दाखवून दिले होते की, केवळ पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा मज्जाविकार होतो आणि कोंडा खाऊ घातला की त्या बऱ्या होतात. मद्रास इलाख्याच्या तेलुगू किनारपट्टीवर गिरणीचा पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे, उलट उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत ती विरळा असे. याचे कारण उकडा तांदूळ तयार करण्याच्या रीतीत आहे. भात सालासकट भिजवून उकडला जातो, मग वाळवून सडला जातो. उकडताना सालीलगतच्या थरातले थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, दाण्याच्या आत शिरते आणि नंतर कोंडा निघून गेला तरी त्याचा बराच भाग दाण्यात टिकून राहतो. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळाच्या पेजेला या संशोधनाने शास्त्राचा आधार मिळवून दिला. तांदूळ वारंवार चोळून धुणे आणि शिजल्यावर वरचे पाणी ओतून देणे या सवयींमुळेही हेच जीवनसत्त्व वाया जाते, हेही पुढे स्पष्ट झाले.

कुन्नूरचे संशोधन उभे केले ते रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या वैद्यकीय अधिकाऱ्याने. त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग पांढऱ्या उंदरांवरचा होता. उंदरांचे सात गट करून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका समाजाचा नेहमीचा आहार देण्यात आला. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, ताज्या भाज्या आणि अधूनमधून मांस अशा शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, तर सडीक तांदूळ मुख्य असलेल्या मद्रासी आहारावरील उंदरांचे अवघे १५५ ग्रॅम. मराठी आहार २२५ ग्रॅमसह तिसऱ्या क्रमांकावर आला. उंदरांवरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढण्याला मर्यादा आहेत, आणि प्रत्येक समाजाला एकच आहार चिकटवणे हेही ढोबळच होते. कारण त्या काळीही श्रीमंताचे आणि मजुराचे ताट सारखे नव्हते. तरीही पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने कोणालाही समजेल अशा रीतीने सिद्ध केले.

मॅक्‌कॅरिसननंतर १९३५ मध्ये आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी या ज्ञानाला व्यवहाराची जोड दिली. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य आणि समाधानकारक आहाराची आखणी या विषयावर १९३७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तिकेत धान्ये, डाळी आणि पालेभाज्या यांची मूल्ये कोष्टकांत मांडलेली होती, त्यामुळे स्वस्तातला कोणता पदार्थ आहारातली कोणती उणीव भरून काढतो हे पाहता येऊ लागले. १९४४ मध्ये भारतीयांसाठी दैनंदिन पोषणाची पहिली प्रमाणे ठरली. पुढे विनायक नारायण पटवर्धन यांच्या संचालकपदाच्या काळात, १९५८ मध्ये, कुन्नूरची ही संशोधन संस्था हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

हैदराबादला आल्यावर संस्थेसमोर दख्खनच्या पठारावरचा प्रश्न उभा राहिला. बहुतांशी ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसे. या रोगात उन्हाला उघड्या राहणाऱ्या मानेवरची व हातांवरची कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि मनही बिघडते. नायसिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हा रोग तोवर मुख्यतः मका खाणाऱ्यांत माहीत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की, ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे, म्हणजे प्रथिनाच्या एका घटकाचे, आधिक्य नायसिनच्या वापरात अडथळा आणते. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले, परंतु व्यवहारातला धडा अबाधित राहिला: दोष भाकरीचा नव्हता, भाकरीशिवाय दुसरे काहीच न मिळण्याचा होता. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. म्हणून भाकरीबरोबरचे पिठले किंवा आमटी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची किंवा अंबाडीची भाजी आणि वाटीभर ताक ही केवळ तोंडी लावणी नव्हेत, तर त्या जेवणाचे आवश्यक अवयव आहेत.

संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व तितकाच तंतुमय भाग असतो, बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते आणि नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. असे असूनही संस्थेच्याच २०२४ च्या मार्गदर्शक सूचना धान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवून डाळी, भाज्या, फळे आणि दूध वाढवण्यास सांगतात. कुन्नूरला सुरू झालेल्या विचाराचीच ही पुढची पायरी आहे. भरडधान्यांचा गौरव आज सर्वत्र होत असताना हा इतिहास ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण एखाद्या धान्याला रामबाण ठरवल्याने पोषण साधत नाही. ते साधते भाकरीसोबतची डाळ आणि पालेभाजी गरिबालाही रोज परवडेल तेव्हा, आणि म्हणूनच आहाराच्या सल्ल्यात बाजारभावाचा विचार पोषणमूल्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो.