कोणी कोणाचा दाखला दिला?

कुवेतमधील आपल्या घरांतली मुले डॉक्टर-इंजिनियर या रुळलेल्या वाटा सोडून आता संशोधनाकडेही वळू लागली आहेत. बारावीनंतर येथून बाहेर पडलेली ही मुले पुणे, टोरांटो वा ह्यूस्टनला पीएच.डी. करतात आणि सुट्टीत भेटली की ‘सायटेशन किती, एच-इंडेक्स किती’ या भाषेत बोलतात. आपण ते आकडे बोर्डाच्या गुणांसारखे ऐकतो. नोकरीच्या व शिष्यवृत्तीच्या अर्जांत या आकड्यांना वजन असते, हे खरेच. म्हणूनच त्यांचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

दाखले नोंदवण्याची पद्धत मूळची वकिलांची. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, याची सूची अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून काढली. तीच कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. हेतू साधा होता : एखाद्या लेखाचा धागा पकडून त्यावर पुढे काय काम झाले ते शोधता यावे. माणसांना गुण देणे नंतर आले. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना यंदा सरासरी किती दाखले मिळाले, तो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला : किमान दहा दाखले मिळालेले दहा लेख असले, पण अकरा दाखल्यांचे अकरा नसले, तर इंडेक्स दहा.

आता दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण घेऊ. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पेशाने ते गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी दोन शोधनिबंध लिहिले.

पहिला १९४३ चा, ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’तला. गुंतागुंतीच्या, अनिश्चित चढउतारांची फोड मोजक्या मूळ घटकांत कशी करावी, याचा विचार त्यात होता. पुढे त्याच दशकात कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तोच सिद्धांत अधिक व्यापक रूपात मांडला आणि जगाने त्यांचीच नावे घेतली. मी स्वतः तेलाच्या क्षेत्रात नोकरी केली. जमिनीखालून परतणाऱ्या लहरींच्या नोंदींतला गोंगाट काढण्यासाठी ‘कारहुनेन-लोएव्ह’ पद्धत वापरतात. आम्हाला मिळालेल्या माहितीपुस्तिकांत कोसंबी कुठेच नव्हते. अलीकडे काही अभ्यासक या सिद्धांताला त्यांचेही नाव जोडू लागले आहेत.

दुसरा निबंध १९४४ चा, अवघ्या चार पानांचा, लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मधला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात आहे. भात-गव्हाचे जनुकीय नकाशे करणारे आजही ‘कोसंबी सूत्र’ वापरतात. येथेही एक गंमत आहे. सूत्र संगणकाच्या आज्ञावलीत बसले की पुष्कळ जण नाव घेतात, पण मूळ लेखाचा दाखला देत नाहीत. म्हणजे काम इतके रुजले की मोजणीतून निसटले!

माणूस एकच, काळ एकच. फरक पडला तो पत्त्याचा. एक लेख जगाच्या वाटेवर पडला, दुसरा आडवाटेला. शिवाय जीवशास्त्रात दाखले भरपूर दिले जातात, गणितात थोडे. त्यामुळे दोन शाखांतल्या मुलांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे.

दाखला म्हणजे सत्यही नव्हे. याच कोसंबींनी १९३१ मध्ये, आंद्रे वेय यांच्या सुचवण्यावरून, ‘बूर्बाकी’ नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाचा दाखला एका निबंधात थट्टेने दिला होता. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका प्रसिद्ध मंडळीने हेच टोपणनाव घेतले.

मग आपल्या मुलांनी काय करावे? आकड्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही. लेख योग्य वाचकांपर्यंत जाईल असे नियतकालिक निवडावे, नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे (जोशी, पाटील तर ढिगाने आहेत!), आणि २०१२ पासून मिळणारा ‘ऑर्किड’ क्रमांक घ्यावा. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी तयार केलेल्या जाहीरनाम्यानेही नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची किंमत करू नये, असे बजावले आहे.

आणि आपण पालकांनी? पुढच्या भेटीत ‘किती दाखले?’ याच्या आधी ‘काय शोधलेस?’ असे विचारावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत आकडा लहानच असतो. लेख वाचला जाऊन दुसऱ्याच्या लेखात उतरायलाच तेवढा वेळ लागतो. कोसंबींच्या पहिल्या निबंधाला तर कित्येक दशके लागली.