कूड आणि नाताळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्देश, सासष्टी आणि तिसवाडी या गोव्याच्या जुन्या काबिजादींतून जे ख्रिस्ती तरुण मोठ्या संख्येने मुंबईस येऊ लागले, त्यांना घराबाहेर काढले ते दारिद्र्याने. 1878 साली पोर्तुगीज सरकारने इंग्रजांशी केलेल्या तहान्वये मिठागरांचा कारभार इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यावर पोसणारी कुटुंबे निराधार झाली. त्याच सुमारास इंग्रजांच्या बंगल्यांत, लष्करी मेसमध्ये आणि पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या आगबोटींवर, गोमांसाचा वा मद्याचा विटाळ न मानणाऱ्या स्वयंपाक्यांना, बटलरांना आणि स्टुअर्डांना मागणी वाढत होती.

या परागंदा मंडळींना उतरण्यास ठिकाण हवे, म्हणून एकेका गावाने वर्गणी काढून धोबीतलाव, माझगाव अशा वस्त्यांत भाड्याच्या खोल्या घेतल्या. याच त्या कुडी. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची संख्या तीनशेंच्या वर गेली होती. भिंतीलगत सभासदांच्या पेट्यांची रांग, रात्री जमिनीवर पसरायच्या वळकट्या, आणि दर्शनी बाजूस गावच्या संताची वेदी, एवढाच तेथील सरंजाम. सफर संपवून आलेला खलाशी पुढचे जहाज मिळेपर्यंत येथे मुक्काम करी, काम सुटलेल्यास उधारीवर राहू देत, सायंकाळच्या तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेस गैरहजर राहणाऱ्यावर दंड बसे, आणि बायकामुलांनी तेथे बिऱ्हाड करण्यास सक्त मनाई असे.

अशा रीतीने गावातील ओळख, शिस्त, परस्परांची जामीनकी आणि देवही मुंबईत आणून बसविणाऱ्या या संस्थेचा खरा थाट दिसे तो गावच्या संताच्या सणाला. त्या दिवशी गाजावाजाने मिस्सा होई, लादाईन ही स्तुतिप्रार्थना गायिली जाई, वाद्ये वाजत आणि पंगत बसे. नाताळात मात्र कुडीस हे साधत नसे. मध्यरात्रीच्या मिस्सेस सोनापूरच्या चर्चमध्ये जाता येई; परंतु नाताळ हा घराचा सण आहे, आणि त्याचे मर्म त्या मिस्सेनंतर घरोघर फिरणाऱ्या ताटांत आहे. आठवडाभर आधीपासून बायकांनी ढवळलेले दोदोल, तळलेल्या नेवऱ्या आणि थरावर थर भाजून सिद्ध केलेली बेबिंका यांची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडेही जात. ज्या घरी वर्षभरात मृत्यू घडला असेल तेथे गोडधोड करीत नसत, तेव्हा शेजारी आपले ताट आवर्जून तिकडे धाडीत. ही देवघेव चालण्यास चूल, गृहिणी आणि शेजार लागतो. कुडीत सारा गाव असूनही घर एकही नव्हते.

म्हणून ज्यास रजा मिळे तो डिसेंबरात पणजीच्या आगबोटीने किंवा कॅसलरॉकच्या घाटातून मुरगावास जाणाऱ्या आगगाडीने घर गाठी. जो दर्यावर असे तो दुसऱ्यांच्या मेजावर नाताळचे जेवण वाढी. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केल्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वेची वाहतूक थांबली, आणि रजा व पैसा दोन्ही हाती असलेल्या माणसासही घरची वाट दुष्प्राप्य झाली. 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज अंमल संपला, तेव्हा नाताळास सहा दिवस उरले होते.

कुडीतील नाताळाचे हे न्यून संस्थापकांच्या दृष्टीतून सुटले होते, असे मानण्याचे कारण नाही. कुटुंब आणण्यास मनाई करणाऱ्या नियमाने चाकरमान्याचा संसार गोव्यातच राहिला, त्याची मिळकत मनिऑर्डरीने तिकडे रवाना होत गेली, आणि सासष्टी-बार्देशातील पुष्कळ घरे याच पैशावर उभी राहिली. मुंबईत नाताळ गोड लागला असता, तर त्यातील कित्येक घरे बांधण्याची गरजच कोणास वाटली नसती.