पोतोसी : चांदीच्या डोंगराखालचे शहर

दक्षिण अमेरिकेला जाणारी आपली माणसे बहुधा माचू पिचू पाहून परततात. सवड असेल तर त्यांनी बोलिव्हियातल्या पोतोसीला दोन दिवस द्यावेत, असे मी जाऊन आल्यापासून सांगत असतो. हे शहर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंचावर आहे. आपण किनाऱ्यावरची माणसे, चार पायऱ्या चढलो तरी धाप लागते. पहिला दिवस कोकाच्या पानांचा चहा घेत स्वस्थ बसून काढावा. जेवायला कालापुर्का मागवावे. हे मक्याच्या पिठाचे दाट सूप. त्यात तापवलेला ज्वालामुखीचा दगड टाकतात, त्यामुळे ते तुमच्यासमोर रटरटतच येते.

शहराच्या डोक्यावर लालसर, शंकूसारखा डोंगर उभा आहे. सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ साली त्यात चांदी सापडली आणि जिथे धड पीक येत नाही अशा त्या थंड माळावर १६११ च्या गणतीत १,६०,००० माणसे भरली. युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीची ही वस्ती.

या चांदीशी आपलाही संबंध आहे. युरोपला आपल्याकडची मिरी आणि कापड हवे होते, पण बदल्यात देण्याजोगा माल त्यांच्याकडे फारसा नव्हता. म्हणून लिस्बनहून निघणारी जहाजे स्पॅनिश रियाल नाणी घेऊन गोव्याला येत. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्स्खोटेन या डच माणसाने इथल्या बाजारातल्या या नाण्यांविषयी लिहून ठेवले आहे. त्यात मेक्सिकोची चांदीही असे, पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर्वांत मोठा वाटा पोतोसीचाच होता. जुन्या गोव्याच्या वैभवाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्या वैभवामागची चांदी कुणी खणली, हे मात्र कुणी सांगत नाही.

ती खणली वेठीच्या माणसांनी. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३ च्या सुमारास ‘मिता’ सुरू केली. पाळीपाळीने सरकारकाम करण्याची ही प्रथा इंका राजवटीतली. तोलेदोने तीच उचलून खाणीला जुंपली. दूरदूरच्या प्रांतांतून दरवर्षी सुमारे १३,५०० पुरुष बायकामुलांसह, लामांच्या पाठीवर शिधा लादून पोतोसीला येत. बरेचजण परत जात नसत. कुटलेल्या खनिजात पारा कालवून ते पायांनी तुडवायचे, हेही काम त्यांचेच. कायद्याने ही वेठ १८१२ साली बंद झाली. डोंगराने ऐंशी लाख माणसे खाल्ली, असे वाटाडे सांगतात. तो आकडा इतिहासकारांना मान्य नाही. पण खरा आकडा याहून कितीतरी लहान असला म्हणून काय झाले?

हे ठाऊक असले म्हणजे मग टांकसाळ बघायला जावे. कासा दे ला मोनेदा ही भव्य दगडी इमारत १७५९ ते १७७३ या काळात बांधली. आता तिथे संग्रहालय आहे. स्पेनहून आणलेली लाकडी यंत्रे अजून जागेवर आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे गोल फिरत आणि वर, लाकडी दात्यांच्या जोरावर, चांदीचे पत्रे लाटले जात. मी तिथे तासभर रेंगाळलो.

त्याच इमारतीत अठराव्या शतकातले एक चित्र आहे, चित्रकार अज्ञात. त्यात मारिया मातेचा झगा म्हणजे खुद्द सेर्रो रिको. डोंगरावर वाटा आहेत, माणसे आहेत, आणि शिखरातून तिचा चेहरा व दोन हात बाहेर आलेले. दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र. अँडीजच्या लोकांची धरित्री पाचामामा मारियेच्या रूपात तशीच राहिली, असा अर्थ अभ्यासक लावतात. वारुळाच्या रूपात सातेरीला पुजणाऱ्या गोंयकाराला तो समजावून सांगावा लागत नाही. सान लोरेन्सो चर्चचे दारही चुकवू नका. तिथल्या दगडात स्थानिक कारागिरांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या मत्स्यकन्या कोरल्या आहेत.

आता खाणीचे. प्रवाशांना आत नेणाऱ्या सहली आहेत. खाणकामगारांच्या बाजारातून कोकाची पाने आणि दारू विकत घ्यायची, आत नेऊन कामगारांना द्यायची, ‘एल तियो’ या शिंगे असलेल्या मातीच्या पाताळदेवापुढे ठेवायची. वाटाड्यांत पूर्वी खाणीत राबलेले लोक असतात. त्यांचे पोट यावर चालते, हे खरे. तरी मी उतरलो नाही. सहकारी संघांची माणसे आजही तिथे राबतात, धुळीने फुप्फुसे निकामी होऊन अकाली मरतात. कुणी जीव धोक्यात घालून घण मारतो आहे आणि मी टोपीवरच्या दिव्याने ते पाहतो आहे, हे मला जमण्यासारखे नव्हते. तुम्हाला जायचे असेल तर जा, फोटो मात्र विचारून काढा.

पाच शतके पोखरल्याने डोंगर खचू लागला आहे. २०११ साली शिखराजवळ मोठे भगदाड पडले आणि २०१४ साली युनेस्कोने पोतोसीला धोक्यातील वारशाच्या यादीत घातले.

डोंगर नीट पाहायचा तर सान फ्रान्सिस्को मठाच्या छपरावर जावे. ऊन तिरपे झाले की उतारावरचे खाणमातीचे ढीग वेगवेगळे दिसू लागतात. सूर्य कलला की थंडी एकदम पडते, अंगात काहीतरी लोकरीचे असू द्या.