इंजिनाचा ऑइल फिल्टर जाम झालाय? फाडायच्या आधी हे वाचा

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. या ६१ दिवसांत जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग लागतो, आणि इंजिनाचं काम मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. त्या आठवड्यात मिस्त्री कोणालाच मिळत नाही. मग घरचीच दोन माणसं ऑइल बदलायला बसतात आणि जुना फिल्टर काही केल्या फिरत नाही. हात घसरतो, पाना घसरतो. शेवटी कोणीतरी सांगतं, "मार स्क्रू ड्रायव्हर आरपार आणि दे फिरवून!"

फिल्टर त्यानेही निघतो, कधी कधी. पण बऱ्याचदा डबा फाटतो, बूड वरच राहतं आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. त्याहून मोठा घोळ पुढे असतो. फिल्टर निघाल्याच्या आनंदात जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर बसतो आणि होडी तशीच समुद्रात जाते. तिथे काय होतं ते पुढे येईलच.

फिल्टर अडकतो कशाने

बहुतेक वेळा दोष मागच्या वर्षीच्या हाताचा असतो. फिल्टर बसवताना "सैल नको राहायला" म्हणून पाना लावून आवळलेला असतो, किंवा रिंगेला ऑइल न लावता कोरडाच बसवलेला असतो. कोरडी रिंग इंजिनाच्या उष्णतेने वर्षभर भाजते आणि वरच्या धातूला चिकटते. त्यात समुद्राची खारी हवा. डब्याच्या कडेला गंज धरतो. काही ठिकाणी तर इंजिनाला रंग देताना फिल्टरसकट रंगवलेलं असतं, तो रंगही सांध्यात जाऊन बसतो.

गंज सोडवायचा स्प्रे किंवा रॉकेल मारून रात्रभर ठेवायची पद्धत आहे. बाहेरचा गंज आणि रंग थोडा सुटतो, तेवढाच त्याचा उपयोग. आतले आटे ऑइलमध्येच असतात, ते गंजत नाहीत. धरून ठेवलेलं असतं ते रबराने, आणि रबरापर्यंत स्प्रे फारसा पोचत नाही. त्यामुळे दोन डबे स्प्रे संपवण्यात अर्थ नाही. कडेचा रंग मात्र पातळ सुरीने आधी गोल कापून घ्यावा.

हात लावण्याआधी

नवा फिल्टर हातात आल्याशिवाय जुना सोडवायला घेऊ नये. नवा आणला की जुन्याशी ताडून बघावा: रिंगेचा घेर तोच हवा, मधल्या भोकाचे आटे तेच हवेत. नुसती डब्याची उंची सारखी दिसली म्हणून आणलेला फिल्टर दोन आटे चढतो आणि अडतो. जुना फाडून झाल्यावर हे कळलं तर होडी किनाऱ्यालाच.

सेल्फची चावी काढून खिशात ठेवावी आणि बॅटरीची वायर सोडावी. फिल्टर बऱ्याच इंजिनांत सेल्फच्या जवळ असतो. लोखंडी पाना सेल्फच्या वायरीला आणि इंजिनाला एकदम टेकला की ठिणगी उडते, हात भाजतो. तळात डिझेलमिश्रित पाणी साचलेलं असेल तर ते आधी काढून पुसून घ्यावं. फिल्टर सुटावा म्हणून ब्लो लँप किंवा मेणबत्ती लावायचा विचार कोणी मांडला, तर त्याला चहा आणायला पाठवावं.

इंजिन कोमट असलं की रबर थोडं मऊ होतं आणि फिल्टर लवकर सुटतो. होडी पाण्यात असेल तर पाचेक मिनिटं चालवून बंद करावं. नुकत्या आलेल्या होडीच्या इंजिनाला मात्र लगेच हात घालू नये, ते ऑइल कातडी सोलून काढतं. आणि होडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असेल तर इंजिन अजिबात चालवू नये. समुद्राचं पाणी ओढणारा पंप कोरडा फिरला की त्याचा रबरी पंखा जळतो. अशा वेळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं फिल्टरच्या वरच्या भागाला आठ-दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं तरी काम होतं.

फिरवायचं कुठल्या बाजूला

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही इथेच चूक होते. फिल्टर बाटलीच्या झाकणासारखा सुटतो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पण ही दिशा डब्याच्या बंद बुडाकडून बघून ठरते. होडीत माणूस फळी उचलून वरून वाकलेला असतो आणि फिल्टर खाली लोंबत असतो. वरून बघताना तोच फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. "सोडतोय" असं समजून दोघांनी जोर लावून तो आणखी आवळलाय, असं सर्रास होतं.

खडूने डब्यावर बाण काढून ठेवावा. बाण काढताना हात खालून डब्याच्या बुडाला लावून, झाकण उघडतोय असं मनगट फिरवून बघावं, म्हणजे दिशा चुकत नाही. आडव्या बसवलेल्या फिल्टरलाही हेच.

पाना कुठे धरायचा

आधी हात. डब्यावरचं ऑइल साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं आणि खरखरीत पॉलिश पेपर उलटा गुंडाळून, म्हणजे खरखरीत बाजू डब्याला लावून, दोन्ही हातांनी पिळायचं. कोरड्या डब्यावर किती पकड येते हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

हाताने नाही निघाला तर पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना. बुडावर टोपीसारखा बसणारा पानाही मिळतो, पण तो त्याच मापाचा असेल तरच. सैल असला तर डब्याचे कोपरे घासून गुळगुळीत करतो. पट्टा किंवा साखळी डब्याच्या मधोमध लावायची नाही. मधला पत्रा पातळ असतो, तो आत दबतो आणि मग पकडच राहत नाही. इंजिनाला लागून असलेल्या कडेजवळ लावावी. तिथे आत जाड लोखंडी चकती असते, तिच्या आधाराने डबा दबत नाही.

पाना नसेल तर जुना फॅन बेल्ट कापून तो डब्याभोवती घट्ट एक वेढा घ्यावा, दोन्ही टोकं एकत्र ग्रिप प्लायरमध्ये धरून पिळावं. नायलॉनचा दोर होडीत हाताशी असतो, पण ऑइल लागलेल्या पत्र्यावर तो घसरतो.

झटके देऊ नयेत. सावकाश, वाढता जोर लावून तसंच धरून ठेवावं. रबर सुटताना आधी कुरकुरतं, मग एकदम ढिलं होतं. जागा अडचणीची असेल तर हात कुठे जाऊन आपटेल ते आधी बघून ठेवावं. बोटांची सालं तिथेच जातात. सुटताना ऑइल गळतं, म्हणून डब्याला खालून जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवावी.

स्क्रू ड्रायव्हर मारायचाच झाला

सगळं करून झाल्यावरच. फिल्टरच्या आत वरच्या बाजूने इंजिनाचा आट्यांचा खुंटा आलेला असतो, तोच फिल्टरला धरतो. स्क्रू ड्रायव्हर वरच्या कडेजवळ मारला तर तो खुंट्याला लागून आटे बिघडतात आणि मग नवा फिल्टरही बसत नाही. म्हणून वरून दोनेक इंच जागा सोडून मारावा, आरपार काढावा आणि हलक्या हाताने फिरवून बघावं. पत्रा फाटायला लागला की थांबावं.

डबा फाटून निघाला आणि चकती वरच राहिली तर घाबरायचं कारण नाही. चकतीच्या कडेला बोथट छिन्नी तिरकी लावून सुटण्याच्या दिशेने छोटे छोटे ठोके द्यावेत, एका जागी नाही, फिरत फिरत. चकतीला गोलाकार भोकं असतात, त्यातही पंच अडकवून ठोकता येतं. छिन्नी इंजिनाच्या सपाट बाजूला लागू द्यायची नाही. तिथे ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते.

एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. ऑइल फिल्टरमध्ये बाहेरच्या भोकांतून येतं आणि गाळून मधल्या भोकातून इंजिनात जातं. पत्र्याचा कण मधल्या भोकात पडला, तर त्याच्या आणि बेअरिंगच्या मध्ये आता कोणतीच गाळणी नाही. म्हणून डबा फाटताच खुंट्याच्या भोकात स्वच्छ कापडाचा बोळा घालावा. बोळ्याचं टोक हातभर बाहेर लोंबत ठेवावं, म्हणजे काढायचा विसरणार नाही.

कधी फिल्टरबरोबर खुंटाही निघून येतो. तो जुन्या फिल्टरमधून सोडवून, आटे चांगले असतील तर परत घट्ट बसवावा. आटे मोडलेले असतील तर मात्र नवा खुंटा आणि मिस्त्री, दोन्ही लागतील.

जुन्या काही इंजिनांवर फिरवायचा डबा नसतो. लोखंडी वाटी असते आणि तिला मधून एकच बोल्ट. तिथे वाटी फिरवत बसू नये. बोल्टला बरोबर मापाचा रिंग पाना लावावा. सैल पान्याने बोल्टाच्या कडा गेल्या की ते काम या लेखाबाहेरचं.

निघाला? आधी रिंग बघा

जुना फिल्टर उलटा करून बघायचा, त्यावर काळी रबरी रिंग आहे का? असेल तर ठीक. नसेल तर ती वर इंजिनालाच चिकटलेली आहे, दुसरीकडे कुठे जाणार? अंधारात काळ्या ऑइलमध्ये काळी रिंग दिसत नाही. मोबाइलची बॅटरी लावून बघा, आणि बघितल्यावरही बोट गोल फिरवून चाचपा. रिंगेचे तुकडे झाले असतील तर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा आणि जागा कापडाने पुसून कोरडी करा. वाटीच्या फिल्टरमध्ये ही रिंग खाचेत बसलेली असते, ती टाचणीने उकरून काढावी लागते.

दोन रिंगा एकावर एक राहिल्या तर इंजिन किनाऱ्यावर सावकाश चालताना एक थेंबही गळत नाही. तपासणारा समाधानाने हात धुतो. खरा दाब येतो तो बाहेर पडल्यावर, रेस दिल्यावर. तेव्हा वरची रिंग सरकते, बाहेर फेकली जाते आणि इंजिनातलं ऑइल काही मिनिटांत तळात येतं. ऑइल प्रेशरचा मीटर बंद पडलेला असेल, आणि किती होड्यांत तो चालू असतो हा प्रश्नच आहे, तर कळतं ते इंजिन घट्ट धरल्यावरच. ऑगस्टचा वारा, लाटा आणि बंद इंजिन. नुसता क्रँक आणि बेअरिंगचा खर्च नाही, होडीवरच्या माणसांचा प्रश्न असतो. अशा वेळी व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर हाक द्यायची आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावायचा.

नवा बसवताना

नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ ऑइल लावा. फिल्टर सरळ उभा बसणारा असेल तर बसवण्याआधी नवं ऑइल भरून घ्या. हाताने फिरवत न्या. रिंग टेकल्याचं कळलं की तिथून पाऊण फेरा, तोही हातानेच. किती फेरा हे फिल्टरच्या डब्यावर छापलेलं असतं. काही डब्यांवर मोजण्यासाठी आकडेही असतात. पाना पेटीत ठेवून द्यावा. आज पाना लावला तर पुढच्या जुलैत हाच लेख परत वाचावा लागेल.

ऑइल भरून, गज बघून इंजिन सावकाश चालवा. प्रेशर आला का ते लगेच बघा. मग थोडी रेस देऊन सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा. डाग पडला नाही पाहिजे. बंद करून काही वेळाने गज परत बघा, कारण फिल्टर ऑइल पितो. पहिल्या फेरीत सगळे झोपायच्या आत एकदा खाली उतरून तळ बघून घ्यावा.

डब्यावर तारीख मार्करने लिहून ठेवली तर पुढचा बदल कधी, यावर वाद होत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या पुस्तकात ऑइल बदलायला २५० तास दिलेले असतात. रोज दहा तास इंजिन चालणाऱ्या होडीला ते पंचवीस फेऱ्यांत भरतात. वर्षातून एकदाच फिल्टर काढणाऱ्याचा फिल्टर अडकतो, यात नवल ते काय!

राहिलं जुनं ऑइल. फिल्टर उलटा करून रात्रभर डब्यात निथळत ठेवा आणि निथळलेलं ऑइल कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या. काही जण ते लाकडाला फासतात, काही सरळ खाडीत ओततात. दोन्हीकडून ते शेवटी कालवं आणि तिसऱ्यांच्या जागेवर पोचतं, आणि ती गोळा करायला ओहोटीला घरचीच बायामाणसं जातात.