सोमॅटोस्टॅटिन : मेंदूत सापडले, साखरेच्या हिशेबात उतरले

रात्री बेताचेच जेवलो, गोड काहीच खाल्ले नाही, तरीही सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी? मधुमेहाच्या अनेक रुग्णांना हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर ताटात नसून बऱ्याच अंशी यकृतात आहे. यकृताच्या या कारभाराचा उलगडा होण्यास मेंदूत सापडलेल्या एका छोट्या रेणूची मोठी मदत झाली. त्याचे नाव सोमॅटोस्टॅटिन.

मेंदू आणि साखर यांचा संबंध जुनाच आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी विशिष्ट ठिकाणी सुई टोचली असता त्याच्या लघवीत साखर उतरल्याचे दाखवले होते. यकृतात साखरेचा साठा असतो, हेही त्यांनीच पुढे सिद्ध केले. हा साठा म्हणजे ग्लायकोजेन.

शोध एकाचा, सापडले दुसरेच

कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गीमँ यांचा गट मेंढ्यांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून वाढीच्या संप्रेरकाला चालना देणारा घटक शोधत होता. हाती लागला तो नेमका उलट गुणाचा, म्हणजे हे संप्रेरक रोखणारा घटक. १४ अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडची रचना १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूतील पेप्टाइड संप्रेरकांवरील कामाबद्दल गीमँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९७४ मध्ये सिएटल येथील संशोधकांनी हे पेप्टाइड उपाशी बबून माकडांना शिरेतून दिले. त्यांच्या रक्तातील इन्सुलिन घटले. इन्सुलिन कमी झाले की साखर वाढते, असा सर्वसाधारण समज. येथे मात्र साखरही खाली आली. कारण इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरकही घटले होते.

यकृताला मिळणारे दोन आदेश

इन्सुलिन आणि ग्लुकागॉन ही दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडात तयार होतात आणि तेथून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. जेवणानंतर इन्सुलिन यकृताला साखर साठवण्यास सांगते. उपाशी अवस्थेत ग्लुकागॉन साठा मोडण्यास आणि अमिनो आम्ले, लॅक्टेट यांसारख्या पदार्थांपासून नवी साखर तयार करण्यास सांगते. मेंदूला अखंड ग्लुकोज लागत असल्याने ही व्यवस्था अत्यावश्यक आहे. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा आदेश यकृतापर्यंत नीट पोहोचत नाही आणि ग्लुकागॉनही वाजवीपेक्षा जास्त राहते. त्यामुळे यकृत रात्रभर साखर सोडत राहते आणि सकाळचा आकडा वाढतो.

सोमॅटोस्टॅटिन हे दोन्ही आदेश एकदम दाबते. यासाठी ते मेंदूतून खाली यावे लागत नाही. स्वादुपिंडातील डेल्टा पेशी ते स्वतःच तयार करतात आणि शेजारच्या पेशींना आवर घालतात. मेंदूतील सोमॅटोस्टॅटिनचे काम मुख्यतः पीयूषिका ग्रंथी आणि मज्जापेशी यांच्यापुरते असते.

१९७५ मध्ये जॉन गेरिच आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांचे इन्सुलिन देखरेखीखाली थांबवून त्यांना सोमॅटोस्टॅटिन दिले. इन्सुलिन नसतानाही रक्तातील साखर आणि यकृतात तयार होणारी केटोन द्रव्ये यांची वाढ बरीच रोखली गेली. मधुमेह म्हणजे केवळ इन्सुलिनची उणीव नव्हे, तर ग्लुकागॉनचा अतिरेकही आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

औषध का झाले नाही?

साहजिकच हे मधुमेहाचे नवे औषध ठरेल, अशी आशा निर्माण झाली. ती फळाला आली नाही. एक तर हे पेप्टाइड रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते. दुसरे, निरोगी व्यक्तीला ते बराच वेळ दिल्यास सुरुवातीला उतरलेली साखर इन्सुलिनअभावी पुन्हा वाढू लागते. सोमॅटोस्टॅटिन स्रवणाऱ्या दुर्मीळ गाठी झालेल्या रुग्णांत तर मधुमेह आणि पित्ताशयातील खडे आढळतात.

तरीही हे संशोधन वाया गेले नाही. १९७७ मध्ये जनुक तंत्राने जिवाणूंकडून तयार करून घेतलेले पहिले मानवी पेप्टाइड सोमॅटोस्टॅटिनच होते. त्याच वाटेने पुढे मानवी इन्सुलिन तयार झाले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. सोमॅटोस्टॅटिनवर बेतलेले, अधिक काळ टिकणारे ऑक्ट्रिओटाइड आज अवयवांची बेसुमार वाढ होणारा अॅक्रोमेगॅली हा विकार, काही संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी आणि यकृत सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव यांवर वापरले जाते. प्रयोगशाळेत दोन्ही संप्रेरके थांबवून एकेक परत देण्याची आणि यकृत किती साखर सोडते हे मोजण्याची पद्धतही यातूनच रुजली.

ग्लुकागॉनला वेसण घालण्याचा विचारही मागे पडलेला नाही. जीएलपी-१ गटातील औषधे साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन वाढवतात आणि ग्लुकागॉन कमी करतात. मात्र ग्लुकागॉनचा मार्ग पूर्णपणे अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत काही रुग्णांच्या यकृतातील एन्झाइमांची पातळी वाढलेली दिसली. जे संप्रेरक साखर वाढवते, तेच यकृतातील मेद आणि अमिनो आम्लांचा निचराही सांभाळते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

ऑक्ट्रिओटाइड किंवा त्या गटातील औषध सुरू असल्यास साखर वाढूही शकते आणि उतरूही शकते. पॅसिरिओटाइडने तर ती वाढण्याचे प्रमाण बरेच आहे. त्यामुळे उपचाराच्या सुरुवातीस आणि मात्रा बदलताना साखर नियमित तपासावी. सकाळची साखर जास्त येते म्हणून रात्रीचे जेवण टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यातून धोका संभवतो. रात्रीच्या आणि सकाळच्या साखरेची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवणे आणि औषधाची वेळ वा मात्रा त्यांच्याच सल्ल्याने बदलणे श्रेयस्कर.