उरच्या साम्राज्याचा अस्त : धान्य, नावा आणि एक पत्र

इराकच्या दक्षिणेस नासिरिया शहराजवळ 'तल्ल अल-मुकय्यर' नावाचे टेकाड आहे. अरबीत 'कीर' म्हणजे डांबर. तेथील प्राचीन विटा डांबराने सांधलेल्या असल्यामुळे टेकाडास हे नाव पडले. उर नगर ते हेच. इ.स.पू. २११२ च्या सुमारास उर-नम्मूने येथे स्थापन केलेले राज्य जेमतेम एक शतकभर टिकले.

त्याचा पुत्र शुल्गी याने ४८ वर्षे राज्य केले. त्याने वजने-मापे एकसारखी केली आणि प्रांतांकडून येणाऱ्या गुराढोरांच्या नोंदीसाठी पुझ्रिश-दगान हे केंद्र उभारले. या काळातील सुमारे एक लाख मृत्तिकालेख उपलब्ध आहेत. एक मेंढी मेली तरी तिची नोंद होई! एवढा चोख हिशेब ठेवणारी राजवट उपाशी कशी पडली, हा खरा प्रश्न आहे.

शू-सिन राजाने अमोरी टोळ्यांना रोखण्यासाठी लांबलचक तटबंदी बांधली. पण घाव आतूनच बसला. शेवटचा राजा इब्बी-सिन याच्या नावाने वर्षे मोजण्याची प्रथा एश्नुन्ना व सूसा येथे त्याच्या कारकिर्दीच्या आरंभीच बंद पडली. पुढे उम्मा व लगाश आणि सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास निप्पूरही त्याच वाटेने गेले. प्रांत तुटले तशी धान्याची आवक तुटली आणि उरमध्ये भाव अनेक पटींनी चढले.

या संकटासंबंधी एक पत्र प्रसिद्ध आहे. राजाने इश्बी-एर्रा या अधिकाऱ्यास २० टॅलेंट चांदी देऊन धान्य खरेदीस पाठविले. अमोरी लोक देशात शिरल्यामुळे ७२,००० गुर धान्य आपण इसिन नगरात आणून ठेवले आहे, ते नेण्यासाठी १२० गुरांच्या ६०० नावा पाठवाव्यात, असे तो कळवितो. शिवाय इसिन व निप्पूरचे रक्षण आपल्याकडे सोपवावे, अशीही मागणी करतो. एका टॅलेंटचे ३,६०० शेकेल. म्हणजे २० टॅलेंटचे बरोबर ७२,००० शेकेल. हिशेब इतका नेमका जुळतो की शंका यावी. ही पत्रे नंतरच्या काळातील लेखनशाळांच्या प्रतींतून मिळालेली आहेत, आणि ती कितपत अस्सल आहेत याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र इश्बी-एर्राने इसिनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली, हे त्याच्याच वर्षनामांवरून सिद्ध होते.

जमिनीतील क्षार वाढून शेती बुडाली, असे मत जेकबसन व अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली मांडले. पुढे त्याच्या पुराव्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले. क्षारांचा वाटा असला तरी प्रांतांच्या धान्यावर अवलंबून असलेल्या राजधानीचा कणा प्रांतांनीच मोडला, हे अधिक संभवते.

इ.स.पू. २००४ च्या सुमारास इलामी सैन्याने उर लुटले आणि इब्बी-सिनला कैद करून नेले. पुढे इश्बी-एर्राने त्यांची फौज उरमधून हुसकावून लावली. त्याचा पुत्र शू-इलिशू याने अन्शानला गेलेली चंद्रदेव नन्नाची मूर्ती परत आणल्याचे कोरून ठेवले आहे. त्या लेखात तो स्वतःस 'उरचा राजा' म्हणवितो.